बाणामागचा प्रश्न : सामाजिक कार्यक्रमांच्या आराखड्यांविषयी



फलकावर विषयाचं नाव जरा जड झालंय. सोप्या भाषेत सांगायचं तर आज आम्ही एका तक्त्याबद्दल बोलणार आहोत. तुमच्यापैकी ज्यांनी एखाद्या संस्थेत, बचत गटात किंवा शाळा व्यवस्थापन समितीत काम केलं असेल, त्यांनी तो पाहिला असणार. कागदाच्या डाव्या बाजूला एक चौकट असते. तिच्यात पैसा, माणसं, साहित्य. तिच्यातून बाण निघतो आणि दुसऱ्या चौकटीत शिरतो, तिथं आपण काय करणार ते लिहायचं. तिसरीत त्यातून हातात काय पडणार. चौथीत लोकांच्या जगण्यात काय फरक पडणार. आणि अगदी उजव्या टोकाला, बहुधा ठळक अक्षरांत, दारिद्र्य कमी झाले, बालविवाह थांबले, गाव टंचाईमुक्त झाले.

आम्ही आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे हा तक्ता पहिल्यांदा समोर आला तेव्हा चौकटींच्या आधी आमची नजर बाणांवर गेली. बाण म्हणजे काय? बाण म्हणजे 'म्हणून'. सायकल दिली, म्हणून मुलगी शाळेत गेली. बंधारा बांधला, म्हणून विहिरीला पाणी आलं. वर्गात एखाद्या विद्यार्थ्यानं 'म्हणून' म्हटलं की मास्तर लगेच विचारतो, कशावरून? तक्त्यात तो प्रश्न विचारायला जागाच नसते. रेघ ओढली, टोकाला त्रिकोण काढला, काम झालं. आजचं आमचं सगळं म्हणणं या 'म्हणून'भोवती आहे.

आधी ही पद्धत आली कुठून ते पाहू, म्हणजे तिच्यावर अन्याय होणार नाही. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याला, म्हणजे यूएसएडला, प्रश्न पडला होता की जगभर आपण एवढा पैसा वाटतो, त्याचं पुढे होतं काय? रस्ते किती झाले, बियाणं किती वाटलं हे सांगता येत होतं. त्यामुळे कोणाचं काय भलं झालं, हे सांगता येत नव्हतं. त्यावर उपाय म्हणून लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आडव्या ओळी आणि चार उभे रकाने असा तक्ता तयार केला. तोच 'लॉजिकल फ्रेमवर्क', बोलीत 'लॉगफ्रेम'. १९८० च्या दशकात जर्मनीच्या जीटीझेड या संस्थेनं त्याला सहभागाची जोड दिली, सगळ्या संबंधितांना एकत्र बसवून तक्ता भरायचा असा आग्रह धरला. १९९५ मध्ये कॅरल वाइस या मूल्यमापनाच्या अभ्यासक बाईंनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येक कार्यक्रमाच्या पोटात एक सिद्धांत दडलेला असतो, अमुक केलं की तमुक का होईल याचा. तो उघड करा आणि त्याची एकेक पायरी तपासा. यालाच आज सगळे 'थिअरी ऑफ चेंज' म्हणतात.

आपल्या देशात २००५-०६ पासून केंद्र सरकारनं अर्थसंकल्पाबरोबर 'आउटकम बजेट' मांडायला सुरुवात केली. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं. २०२१ मध्ये मोठ्या प्रकल्पांसाठी परिणामांचं मूल्यमापनही बंधनकारक झालं. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बोर्डरूममधला हा तक्ता शिंदखेडा-साक्री तालुक्यांतल्या छोट्या संस्थांच्या टेबलावर येऊन पोहोचला.

ही पद्धत वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. उद्घाटनाचा नारळ फुटला की समाजकार्य संपलं, अशी सवय आपल्याला फार वर्षं होती. 'पुढे काय होणार?' हे या तक्त्यानं विचारायला लावलं, हे त्याचं ऋण आहे. तक्रार वेगळी आहे. वाइसबाईंनी जे तपासायला सांगितलं होतं, ते आपण भरायला लागलो. तपासणीची वस्तू अर्जाची वस्तू झाली.

आता थोडं न्यायशास्त्राकडे वळतो. घाबरू नका, परीक्षा नाही.

आपल्या नैयायिकांचं लाडकं उदाहरण धूर आणि अग्नीचं. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलट म्हणता येईल का, की जिथे अग्नी तिथे धूर? नाही म्हणता येत. लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीतून धूर का निघतो? सरपण ओलं असतं म्हणून. हे 'ओलं सरपण' म्हणजे उपाधी, म्हणजे ज्या अटीवर तुमचा नियम उभा आहे, पण जी तुम्ही उच्चारलेली नाही अशी अट. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त हे शिकवलेलं आहे आणि शेकडो वर्षं पोरं ते घोकत आली आहेत. आपल्या आज्यांना ते न घोकताच माहीत होतं. पावसाळ्यात डोळे त्यांचेच चुरचुरायचे.

लॉगफ्रेममध्येही उपाधीसाठी एक रकाना आहे. सगळ्यात उजवीकडचा, 'गृहीतके' नावाचा. कल्पना उत्तम आहे. पण प्रत्यक्षात त्या रकान्यात काय लिहिलेलं असतं? पाऊस वेळेवर पडेल. शासनाचे सहकार्य मिळेल. ग्रामस्थांचा प्रतिसाद लाभेल. ही वाक्यं कोणत्याही गावाला, कोणत्याही कार्यक्रमाला चिकटवता येतात, म्हणजेच ती कशालाच लागू नाहीत. इथलं सरपण ओलं आहे की कोरडं, हे त्यांत येत नाही.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. निवृत्तीनंतर माणूस एखाद्या संस्थेच्या सल्लागार मंडळावर जातो, तसे आम्हीही गेलो होतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण त्यात तिची चूक आमच्यापेक्षा जास्त नव्हती. सातवी-आठवीनंतर मुली शाळा सोडतात, हा प्रश्न होता. देणगीदार मिळाला, सायकली द्यायचं ठरलं. तक्ता झाला. सायकल, तिच्यातून हजेरी, तिच्यातून दहावी, तिच्यातून उशिरा लग्न. सुबक तक्ता होता, भाषा आम्हीच तपासून दिली. गृहीतकांच्या रकान्यात 'पालकांचे सहकार्य मिळेल' हे वाक्य आमच्याच हातचं.

वर्षभरानं अहवाल आला. सायकली वाटल्या, जवळजवळ सगळ्या वापरात आहेत, देखभाल चांगली आहे. आम्ही सही केली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालो होतो. दोंडाईच्याला मिरचीच्या हंगामाबद्दल आम्ही काय सांगावं, लाल पथाऱ्या पसरल्या की गावाला ठसका लागतो. एका पथारीच्या कडेला ओळीनं सायकली लावलेल्या दिसल्या, आपल्याच संस्थेची पट्टी चिकटवलेल्या. आत आयांच्या शेजारी बसून पोरी मिरचीचे देठ खुडत होत्या. त्यातली एक ओळखीची होती. आम्ही विचारलं, काय गं, आज शाळा नाही का? तर ती अगदी खुशीत म्हणाली, "बाबा, पहिले पायी यावं लागे. आता सायकल आहे ना, तर आईच्या आधी पोचते."

तिनं आमचे आभारच मानले होते. सायकल वापरात होती, अहवाल खोटा नव्हता. फक्त बाण दुसरीकडे गेला होता.

घरी येऊन विचार केला की चूक नेमकी कुठे झाली. शाळा त्या वस्तीपासून लांब नव्हतीच, पोरी चालत जाऊ शकत होत्या. शाळा सुटत होती ती अंतरामुळे नाही. हंगामाच्या त्या तीन-चार महिन्यांत घरात रोख पैसा येतो, आणि एक जास्तीचा हात म्हणजे जास्तीची मजुरी. ही गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. आम्ही तिला विचारलं नव्हतं. आम्ही मुख्याध्यापकांना विचारलं, सरपंचांना विचारलं, देणगीदाराला विचारलं.

म्हणजे सायकल हा उपायच खोटा का? तसंही नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा बारकाईनं अभ्यास केला, शेजारच्या झारखंडशी तुलना करून. मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण जवळपास एक तृतीयांशानं वाढलेलं त्यांना दिसलं. पण त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. ही वाढ मुख्यतः कुठे दिसली? जिथे माध्यमिक शाळा तीन किलोमीटरहून लांब होती, त्या गावांत. म्हणजे सायकलीचं ओलं सरपण होतं अंतर. आपल्याकडच्या ज्या पाड्यांवर शाळा खरोखर लांब आहे, तिथे सायकल आणि मानव विकासची बस या दोन्हींनी काम केलेलं तुम्ही पाहिलं असेल. आमच्या वस्तीत ते सरपण नव्हतं. आम्ही पेटवलं, धूर निघाला नाही, आणि आम्ही अग्नी मोजून अहवाल दिला.

दुसरा मुद्दा. समजा उजव्या टोकाची गोष्ट खरंच घडली. ती आपल्यामुळे घडली हे कशावरून?

यालाही न्यायशास्त्रात एक सुंदर दृष्टांत आहे. कुंभारानं घडा केला. घड्याची कारणं कोणती? माती, चाक, दांडा, कुंभार. आणि माती वाहून आणणारं ते गाढव? घडा होण्याआधी गाढव तिथे होतंच की! 'भाषापरिच्छेद' लिहिणारे विश्वनाथ पंचानन म्हणतात, गाढव कारण नव्हे. माती गाडीतून आली असती, कोणी डोक्यावरून आणली असती, तरी घडा झालाच असता. जे कार्याच्या आधी हजर असतं पण ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्याला त्यांनी 'अन्यथासिद्ध' म्हटलं.

संस्थांना हे ऐकायला आवडत नाही. पण प्रत्येक संस्थेनं वर्षातून एकदा स्वतःला विचारावं, या घड्यात आपण कुंभार आहोत की गाढव? गावातली मुलींची लग्नं उशिरा व्हायला लागली असतील, तर त्यात शाळा आहे, एसटी आहे, मोबाइल आहे, कायद्याचा धाक आहे, शेजारच्या घरातली नर्स झालेली मुलगी आहे. आणि कुठेतरी कडेला आपलं एक दिवसाचं प्रबोधन शिबिरही आहे. अहवालात मात्र शिबिरातून सरळ रेघ निघते.

हे तपासता येत नाही असं समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं. तिथे त्यांनी ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी धरली. आधी घराघरांत जन्मणाऱ्या बाळांचं काय होतं, हे वर्षभर नुसतं पाहिलं, नोंदवलं. बाळ कशानं दगावतं हे कळल्यावर मग गावातल्याच बायांना प्रशिक्षण दिलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरलेला दिसला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशाच्या धोरणात गेलं. शेजारची ती ४७ गावं नसती, तर दर कशानं उतरला यावर आपण आजही वाद घालत बसलो असतो. प्रत्येक छोट्या संस्थेला एवढं जमणार नाही, हे आम्ही जाणतो. पण 'आपण नसतो तर काय झालं असतं?' हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

आता पाण्याकडे येतो. खानदेशात पाण्याशिवाय भाषण संपवलं तर तुम्ही आम्हाला चहा देणार नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये राज्य शासनानं जलयुक्त शिवार अभियान सुरू केलं. दरवर्षी पाच हजार गावं घ्यायची आणि २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा, असा तो आराखडा. तक्ता मनात आणा. नाला खोल करा, त्यामुळे पाणी अडेल, त्यामुळे जमिनीत मुरेल, त्यामुळे विहिरी भरतील, त्यामुळे टंचाई संपेल. एकेक बाण वाचताना पटतो. लोकांनीही मनापासून काम केलं, श्रमदान केलं, वर्गणी काढली. त्या कष्टांची आम्ही टिंगल करणार नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल विधिमंडळात ठेवला गेला. खर्च ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये. भूजलाची पातळी वाढवण्यावर या कामांचा फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष. तपासलेल्या १२० गावांपैकी ८३ गावांत पिण्याला आणि शेतीला पुरेल एवढा साठा झालेला नव्हता. कॅगच्या आकड्यांवर राजकारण खूप झालं, त्यात आम्हाला जायचं नाही. आमचं लक्ष त्यातल्या एका निरीक्षणावर आहे. काही ठिकाणी पाणी वाढल्यावर शेतकरी जास्त पाणी पिणाऱ्या नगदी पिकांकडे वळले, ऊस वगैरे.

म्हणजे बाण तुटला नाही. बाण पुढे गेला! विहिरीला पाणी आलं, म्हणून ऊस लागला, म्हणून विहीर आटली. तक्ता जिथे 'टंचाईमुक्त' लिहून थांबला होता, तिथून पुढे माणसं जगत होती आणि आपापले निर्णय घेत होती. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हे एका वाक्यात सांगितलं होतं, "भाऊ, पानी उनं, पन गयं कथा?" पाणी आलं, पण गेलं कुठे? अनेक मूल्यमापनांमध्ये आम्हाला एवढा नेमका प्रश्न दिसला नाही.

याच बाबतीत आपल्या तापीपलीकडच्या शिरपूरचं उदाहरण घ्यावंच लागतं. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळानं तिथं नाले रुंद-खोल करून साखळी बंधारे बांधले. ते 'शिरपूर पॅटर्न' म्हणून गाजलं. खानापूरकर स्वतः भूजल खात्यात काम केलेले, त्यांच्या पुढे शिरपूरची जमीन होती. तापीकाठचा खोल गाळ एकीकडे आणि काळा खडक दुसरीकडे. त्या जमिनीच्या पोटात काय आहे हे वाचून त्यांनी उपाय काढला. त्यानंतर काय झालं? राज्यभर 'पॅटर्न' गेला, पण जमिनीचं वाचन सोबत गेलं नाही. जेसीबी गेले. खोलीकरणाचा फोटो सगळीकडे सारखाच दिसतो, खालचा दगड सगळीकडे सारखा नसतो. पुन्हा तेच ओलं सरपण.

आणि गंमत अशी, की पाण्याचा पूर्ण विचार करणारा आराखडा याच जिल्ह्यात शेकडो वर्षं होता, कागदावर नसताना. पांझरेच्या काठची फड पद्धत. साक्री-धुळे तालुक्यांतल्या मंडळींना सांगायला नको. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि ते पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचं. उसाचा फड ठरलेला, तो पुढे फिरायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे तेही सगळ्यांनी ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचं मानधन गावानं द्यायचं. बंधाऱ्याची दुरुस्ती गावाची.

जलयुक्तच्या तक्त्याशी हे ताडून पाहा. 'पाणी आल्यावर कोण काय पेरणार?' हा प्रश्न आजच्या आराखड्यात कुठेच नव्हता. फडात तोच पहिला प्रश्न होता. 'दुरुस्ती कोण करणार?' याचंही उत्तर आधीच ठरलेलं होतं. आम्ही फडाची आरती करायला उभे नाही. त्या व्यवस्थेत ज्याची जमीन पाटाखाली त्यालाच पाणी, भूमिहीनाला त्यात काय होतं? वरच्या अंगाला धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या, आणि फड मोडत गेले. परत आणा म्हणून ते परत येणार नाहीत. पण माणसाचा निर्णय हा आराखड्याचा भाग असतो, हे आपल्या पूर्वजांना कळलं होतं, एवढं मात्र त्यांच्याकडून घ्यावं.

यावरून आम्ही शेवटच्या आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. शाळेत आपण कारकं शिकलो. पाणिनीच्या व्याकरणात जो स्वतंत्र असतो तो कर्ता. आणि ज्याला द्यायचं ते संप्रदान, त्याची चतुर्थी, 'स ला ते'. आता आपले तक्ते व्याकरणाच्या नजरेनं वाचा. संस्था प्रशिक्षण देते. शासन अनुदान देते. कंपनी सायकल देते. कर्ता नेहमी देणारा. गाव नेहमी चतुर्थीत : गावाला, महिलांना, मुलींना, लाभार्थ्यांना. 'लाभार्थी' हा शब्दच पाहा, ज्याचं काम फक्त लाभ घेणं.

आमच्या त्या तक्त्यात ती मुलगी चौकटीतली वस्तू होती, ढकललं की पुढच्या चौकटीत जाणारी. प्रत्यक्षात ती कर्ता निघाली. तिनं सायकल घेतली, घरची गरज पाहिली आणि स्वतः ठरवलं की कुठे जायचं. तिचा निर्णय आम्हाला नको होता तसा होता. पण निर्णय घेणारी ती होती, हे आम्हाला पथारीच्या कडेला उभं राहिल्यावर कळलं. दगडाला ढकललं तर तो कुठे जाईल हे सांगता येतं. माणसाला काही दिलं तर तो त्याचं काय करील, हे त्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. सामाजिक आराखडा आणि पुलाचा आराखडा यांत हा फरक आहे. लॉगफ्रेमची घडण पुलाच्या आराखड्यासारखी आहे.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा सगळ्यांना माहीत आहे. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून जंगल राखलं, स्वतःचे नियम केले, तोडणाऱ्याला दंड बसवला. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली, तेव्हा कितीतरी लोकांनी विचारलं की बारीपाड्याचं 'मॉडेल' काय? आम्हाला वाटतं, प्रश्नच चुकतो. तिथे बाहेरच्यांची मदत होती, मार्गदर्शन होतं, वन खात्याचं सहकार्यही होतं. पण वाक्याचा कर्ता गाव होता. 'गावाने जंगल राखले.' मॉडेल उचलून दुसरीकडे नेलं की पहिल्यांदा हा कर्ताच गळून पडतो, आणि दुसरं गाव पुन्हा चतुर्थीत जातं.

मग तक्ते फाडून टाकायचे का? नाही. आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवू.

एक, तक्ता करताना चौकटींपेक्षा बाणांवर जास्त वेळ घालवा. प्रत्येक बाणाशी थांबून लिहा : हे कशावरून, आणि कुठल्या अटीवर? 'सहकार्य मिळेल' हे वाक्य आलं की खोडा आणि कोणाचं, कशासाठी, काय गमावून, ते लिहा.

दोन, उजव्या टोकाच्या चौकटीपुढे आणखी एक कोरी चौकट काढा. हे सगळं साधलं तर त्यानंतर माणसं काय करतील? ती चौकट गावात बसून, सगळ्यात कमी बोलणाऱ्यांना विचारून भरा. आमच्या बाबतीत ती मिरची खुडणाऱ्या बायांनी दहा मिनिटांत भरून दिली असती.

तीन, बाण चुकला तर ते लिहायला अहवालात जागा ठेवा. आजच्या अहवालात फक्त गाठलेली उद्दिष्टं असतात. ज्या शास्त्रात प्रयोग कधीच फसत नाहीत, ते शास्त्र नसतं, जाहिरात असते.

आता वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका कार्यकर्त्या ताईंचा प्रश्न : सर, तुमचं सगळं पटतं. पण आम्हाला फॉर्म भरावाच लागतो. खरं लिहिलं तर निधी मिळत नाही, आणि निधी नाही तर दोन कार्यकर्त्यांचा पगार थांबतो. आम्ही काय करावं?)

ताई, तुमचा प्रश्न आमच्या भाषणापेक्षा अवघड आहे. आम्हाला पेन्शन आहे, आम्ही इथे उभं राहून तत्त्व सांगू शकतो. तुम्ही फॉर्म भरा. पगार थांबवून कोणाचं भलं होणार नाही. पण संस्थेत एक दुसरी वही ठेवा, जी कोणाला पाठवायची नाही. तिच्यात दर महिन्याला लिहा की बाण कुठे गेला. दोन-तीन वर्षांनी ती वही घेऊन देणगीदाराकडे जा. सगळे ऐकणार नाहीत. एखादा ऐकेल. त्यांनाही कधी कधी कळत असतं की सुबक अहवालात काहीतरी राहून जातंय, त्यांना तसं सांगणारं कोणी भेटलेलं नसतं.

(दुसरा प्रश्न, मागच्या बाकावरून : सर, त्या मुलीचं पुढे काय झालं?)

हे विचारलंत ते बरं केलंत. संस्थेनं पुढच्या वर्षी सायकली थांबवल्या. शिक्षकांशी आणि आयांशी बोलून हंगामात संध्याकाळचा वर्ग सुरू केला, पथारीवरून सुटल्यावर यायचं. काही पोरी आल्या, काही नाही आल्या. ती आली होती. पुढच्या वर्षी त्या कुटुंबानं गाव बदललं, कामासाठी सुरतेकडे गेले असं ऐकलं. तिनं दहावी केली की नाही, हे आम्हाला माहीत नाही. तक्त्यात तिच्यासाठी उशिरा लग्नापर्यंत बाण काढला होता आम्ही. तो अहवाल अजून आमच्या कपाटात आहे, आणि त्याच्यावर आमची सही आहे.